रक्तात औषध सापडलं, पण कोणतं? औषध नियंत्रकांना खुलं पत्र

प्रति,
मा. औषध महानियंत्रक, केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. संचालक, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय, मुंबई

विषय : रक्त, लघवी आणि व्हिसेऱ्यातल्या औषधांची डावी-उजवी रूपं वेगळी करून मोजण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मी नवी मुंबईतल्या एका बायोॲनालिटिकल प्रयोगशाळेत काम करते. स्वयंसेवकांना गोळी दिल्यावर ठरावीक वेळांनी काढलेलं रक्त, त्यातला प्लाझ्मा वेगळा करून, आमच्याकडे गोठलेल्या नळ्यांतून येतो. त्यात औषध किती आहे ते आम्ही मोजतो. आमच्या आकड्यांवरून नव्या कंपनीची गोळी मूळ गोळीच्या तोडीची आहे की नाही हे ठरतं, आणि त्या आधारावर आपण परवानगी देता. ती गोळी मग देशभर विकली जाते.

अलीकडे एका अभ्यासाच्या आराखड्यावर आमची बैठक चालू होती. औषध दोन रूपांचं मिश्रण होतं आणि ती दोन्ही रूपं शरीरात वेगवेगळी वागतात हे छापील पुस्तकांत आहे. मी म्हटलं, दोन्ही वेगळी मोजू या. उत्तर आलं, "मॅडम, रेग्युलेटर मागत नाही. मग कशाला?" चर्चा तिथेच संपली.

उत्तर देणाऱ्यावर माझा राग नाही. त्याला वेळेत आणि खर्चात काम उरकायचं होतं. पण "रेग्युलेटर मागत नाही" हे वाक्य इतक्या वर्षांत मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, की आता ते थेट रेग्युलेटरलाच ऐकवावं असं ठरवलं. औषध घेणाऱ्या प्रत्येकाचा यात संबंध येतो, म्हणून पत्र खुलं आहे.

ज्यांचा रसायनशास्त्राशी संबंध सुटला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कार्बनच्या एका अणूला चार वेगवेगळे गट जोडलेले असले की तोच रेणू दोन तऱ्हांनी बनू शकतो आणि एक तऱ्हा दुसरीचं आरशातलं प्रतिबिंब असते. त्यांना आर आणि एस म्हणतात, काही औषधांच्या नावांत डेक्स्ट्रो आणि लेव्हो असं येतं. दोन्ही समसमान मिसळलेली असली की औषध रेसिमिक. दोघांचं सूत्र एकच, वजनही एकच. आमचा मास स्पेक्ट्रोमीटर रेणू आणि त्याचे तुकडे वजनावरून ओळखतो, त्यामुळे कोट्यवधींचं हे यंत्रही दोघांना एकच समजतं. डाव्या पायाची चप्पल तराजूत टाकली तर उजवीइतकीच भरते, फरक कळतो तो पायात घातल्यावर. आपल्या शरीरातली प्रथिनं एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, म्हणून त्यांना हा फरक लगेच कळतो. एक रूप रिसेप्टरवर, म्हणजे औषध जिथे चिकटून काम करतं त्या प्रथिनावर, चपखल बसतं, दुसरं बसत नाही, किंवा भलत्याच ठिकाणी जाऊन बसतं.

हे वेगळं करता येतच नाही असं कोणी सांगितलं तर कृपया विश्वास ठेवू नका. दोनशे मायक्रोलिटर प्लाझ्मा घ्यायचा, त्यात तुलनेसाठी अंतर्गत प्रमाण म्हणून ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घातलेलं तेच औषध टाकायचं, ईथरसारख्या द्रावकात हलवून औषध वर काढायचं, नायट्रोजनच्या झोताखाली सुकवायचं आणि थोड्या द्रवात परत विरघळवून कायरल, म्हणजे डावं-उजवं ओळखणाऱ्या, कॉलममध्ये (बारीक नळीत) सोडायचं. या कॉलमच्या आत अमायलोज किंवा सेल्युलोजपासून केलेला पदार्थ असतो, काही कॉलममध्ये तर व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिकच बसवलेलं असतं. तो पदार्थ स्वतः एका हाताचा असतो, त्यामुळे एका रूपाला जरा जास्त वेळ धरून ठेवतो. पडद्यावर एकाच्या जागी दोन पीक, म्हणजे आलेखातले उंचवटे, दिसतात, एक सातव्या मिनिटाला, दुसरं नवव्या. कॉलमचं तापमान दोन अंश इकडेतिकडे झालं किंवा द्रावकातल्या ॲसिडचं प्रमाण चुकलं की दोघं पुन्हा एकमेकांवर चढतात आणि सगळी बॅच वाया जाते. काम चिकाटीचं आहे, पण रोज होणारं आहे. जपानच्या योशिओ ओकामोतोंना या कॉलममागच्या संशोधनासाठी 2019 चा जपान प्राइझ मिळाला. ही पद्धत जगभर रुळलेली आहे.

आता तक्रारी.

मी मूळची कोल्हापूरची, म्हणून पहिली तक्रार तिथली. 2012 च्या अखेरीस पाकिस्तानात लाहोर आणि गुजरांवाला इथे खोकल्याचं सिरप पिऊन पन्नासच्या आसपास माणसं दगावली. त्यांतली बरीच नशेसाठी सिरप पिणारी होती, त्यामुळे जास्त प्यायले आणि गेले असं म्हणणं सोपं होतं. सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन होतं, जे आपल्याकडे कोणत्याही मेडिकलच्या फळीवर असतं. जानेवारी 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला की त्याच्या कच्च्या मालात लेव्होमेथॉर्फन मिसळलेलं आहे. तो माल भारतातला होता, आमच्या कोल्हापुरातला. त्याच वर्षी पॅराग्वेत माणसं रुग्णालयात दाखल झाली, त्यांत लहान मुलं बरीच होती, आणि कारण हेच निघालं.

लेव्होमेथॉर्फन म्हणजे डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं आरशातलं रूप. शरीरात गेल्यावर त्याचं लेव्हॉर्फनॉल होतं. ते अफूच्या कुळातलं, मॉर्फिनहून जास्त जोरकस आणि श्वास मंदावणारं आहे. आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ करारात लेव्होमेथॉर्फन नियंत्रित यादीत आहे आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन त्यातून मुद्दाम वगळलेलं आहे. हे औषध बनवताना एका टप्प्यावर दोन्ही रूपांच्या मिश्रणातून एकच उचलायचं असतं. तो टप्पा ढिला पडला की दुसरं रूप मालात राहतं. साध्या एचपीएलसीवर, म्हणजे कायरल नसलेल्या कॉलमच्या नेहमीच्या तपासणीत, असा माल शंभर टक्के शुद्ध दिसू शकतो. साधा पोलॅरिमीटर, म्हणजे पदार्थ प्रकाशाला कोणत्या बाजूला किती वळवतो ते मोजणारं उपकरण, जो आपल्या बहुतेक फार्मसी कॉलेजांत असतो, त्याने कच्च्या मालातली मोठी भेसळ पकडता येते. पण माणूस दगावल्यावर त्याच्या रक्तातल्या नॅनोग्रॅमांपुढे पोलॅरिमीटरचा उपयोग नाही. तिथे कायरल कॉलमच लागतो. नाहीतर यंत्र नेहमीप्रमाणे 272 वजनाचा आयन आणि त्यापासून निघालेला 171 चा तुकडा दाखवतं आणि अहवालात "डेक्स्ट्रोमेथॉर्फन आढळले" एवढंच छापून येतं. लेव्हो असतं तरी अक्षरशः हेच छापून आलं असतं.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याच्या मुलांचे जीव सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलने गेले. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्यानंतर ग्लायकॉलच्या तपासणीवर जोर आला, तो यायलाच हवा होता. पण ग्लायकॉल शोधणाऱ्या तपासणीत आरशातली भेसळ दिसत नाही. ती मुद्दाम शोधावी लागते, आणि ती शोधा असं आमच्या कामात आम्हाला कोणी सांगत नाही. कोल्हापूरच्या नावावर असं काही घडून गेल्यावर निदान महाराष्ट्राने तरी याची सवय लावून घ्यायला हवी होती असं मला वाटतं.

दुसरी तक्रार घरची आहे. माझ्या आईच्या हृदयाची झडप बदललेली आहे, त्यामुळे ती रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेते. वॉरफरिन रेसिमिक आहे. त्यातलं एस रूप आरच्या तीन ते पाच पट जोरकस, पण शरीरातून लवकर निघून जाणारं. म्हणून रक्तात आर जास्त सापडतं आणि काम एस जास्त करतं. एकदा पोट बिघडलं म्हणून तिला मेट्रोनिडॅझोल दिलं गेलं. चारपाच दिवसांनी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, खूप वर गेला. रुग्णालयाने वॉरफरिनची रक्तातली पातळी तपासायला नमुना बाहेर पाठवला आणि उत्तर आलं की एकूण पातळी अपेक्षेच्या मर्यादेत आहे. मग सुरू झाले प्रश्न. आजींनी चुकून दुसरी गोळी घेतली का? घरात काही आयुर्वेदिक काढा चालू आहे का? आई बिचारी गोळ्यांचा डबा उघडून उघडून दाखवत होती.

मेट्रोनिडॅझोल एस वॉरफरिनचा निचरा अडवतं, आरला हात लावत नाही, हे 1976 साली प्रसिद्ध झालेलं आहे. एकूण आकडा थोडाच हलतो, पण त्यातला जोरकस भाग साचतो. दोन्ही वेगळी मोजली असती तर आईला कोणी जाब विचारला नसता. ज्या यंत्रावर मी दिवसभर बसते त्यावर हे मोजता आलं असतं. पण घरच्या माणसाचा नमुना प्रयोगशाळेत चालवायला नियमाने बंदी आहे आणि ती योग्य आहे, म्हणून मी चालवला नाही. उपचारासाठी आयएनआर पुरेसा आहे, हे मलाही मान्य आहे. माझा आक्षेप त्या अहवालावर आहे. "वॉरफरिनची पातळी" असा एकच आकडा देणाऱ्या प्रयोगशाळेने आपण दोन वेगळ्या पदार्थांची बेरीज देत आहोत एवढं तरी खाली लिहायला हवं. आपल्याकडे वॉरफरिनपेक्षा जास्त लिहून दिल्या जाणाऱ्या ॲसेनोकुमॅरॉलची गत तर उलटी आहे. तिथे एस इतक्या झपाट्याने निघून जातं की बहुतेक लोकांत रक्त पातळ ठेवण्याचं काम मुख्यतः आर करतं, आणि ज्यांचं औषधाचा निचरा करणारं सीवायपी2सी9 हे यकृतातलं एन्झाइम जन्मतः मंद असतं त्यांच्यात मात्र एसही मागे राहतं. एकच एकूण आकडा दोघांना कसा लागू पडेल?

युरोपात हे 1984 सालीच कोणीतरी मोठ्याने म्हणून ठेवलं होतं. नेदरलँड्सचे औषधशास्त्रज्ञ आरियन्स यांनी रेसिमिक औषधाची एकूण पातळी मोजून काढलेल्या निष्कर्षांना सरळ "सफाईदार मूर्खपणा" अशा अर्थाचं नाव दिलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकाने, 1992 च्या धोरणात नव्या औषधांसाठी प्रत्येक रूप शरीरात वेगळं मोजता येईल अशी पद्धत सुरुवातीलाच विकसित करा असं सांगितलं.

तिसरी तक्रार आमच्याच धंद्याची, म्हणजे बायोइक्विव्हॅलन्सची : नवी गोळी मूळ गोळीच्या तोडीची आहे का हे पाहणाऱ्या अभ्यासांची. एप्रिल 2017 पासून आपण पाण्यात कमी विरघळणाऱ्या वर्गातल्या औषधांना, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या वर्गाला, हे अभ्यास बंधनकारक केले. हा निर्णय चांगला होता, त्याचं मी त्या वेळीही स्वागत केलं होतं. पण काय मोजायचं हेही सांगितलं पाहिजे. व्हेरापामिलचं उदाहरण घ्या. एस रूप हृदयावर कितीतरी जास्त परिणाम करतं, पण तोंडावाटे घेतल्यावर यकृत पहिल्या फेरीतच त्याचा फडशा पाडतं आणि रक्तात उरतं ते बहुतेक आर. शिरेतून दिलेल्या आणि तोंडाने घेतलेल्या व्हेरापामिलची एकूण पातळी सारखी असली तरी परिणाम सारखा येत नाही. गोळी भराभर विरघळते की सावकाश, यावरही दोन रूपांचं प्रमाण बदलतं. अशा औषधाच्या दोन गोळ्यांची फक्त एकूण पातळी जुळवून त्या सारख्याच आहेत असं मी सही करून लिहायचं, आणि ते कोणी विचारतही नाही.

प्रत्येक रेसिमिक औषधाची दोन्ही रूपं मोजा असं मी मुळीच म्हणत नाही. बहुतेकांना त्याची गरज नसते. युरोपच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांत कसोट्या स्पष्ट आहेत : रूपांची शरीरातली वाटचाल वेगळी असेल, परिणामही वेगळा असेल, आणि औषध किती वेगाने शोषलं जातं यावर दोघांचं गुणोत्तर बदलत असेल, तर वेगळी मोजा. औषधांचे नियम देशोदेशी सारखे करणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेने जुलै 2024 मध्ये स्वीकारलेल्या एम13ए सूचनेतही हाच विचार आहे. भारत आयसीएचमध्ये निरीक्षक म्हणून बसतो. म्हणजे हा मजकूर आपल्या टेबलावर आहे.

याच तक्रारीला जोडून दुसरी एक, जी मला जास्त बोचते. आपल्या देशात एकाच रूपाची औषधं खूप विकली जातात : एस-अम्लोडिपिन, एस-मेटोप्रोलोल, लेव्होसेटिरिझिन, लेव्होसाल्ब्युटामॉल, एसिटालोप्रॅम. एस-अम्लोडिपिन वेगळं काढण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम झालं, त्याची पेटंटं आहेत, याचा मला अभिमान आहे. 5 मिलिग्रॅम साध्या अम्लोडिपिनमध्ये कामाचं एस रूप अडीच मिलिग्रॅम असतं, म्हणून एस-अम्लोडिपिनची गोळी अडीचची. आता समजा एखाद्याने त्या गोळीत अडीच मिलिग्रॅम साधं, स्वस्त, रेसिमिक अम्लोडिपिन भरलं. साध्या तपासणीत गोळी पूर्ण भरते. स्वयंसेवकाच्या रक्तातही मिलिलिटरमागे त्याच दोन-चार नॅनोग्रॅमांच्या टापूत पीक येतं आणि साध्या पद्धतीत ते मूळ गोळीशी जुळतं. रुग्णाला मात्र निम्मंच औषध मिळतं, आणि रक्तदाब का उतरत नाही म्हणून डॉक्टर दुसरी गोळी जोडतात. असं कोणी करतं असा माझा आरोप नाही. कोणी केलं तर आजच्या नेहमीच्या तपासणीत ते दिसणार नाही, हे मात्र मी खात्रीने सांगते.

न्यायसहायक प्रयोगशाळांबद्दल एकच मुद्दा मांडते. रत्नागिरी-सिंधुदुर्गची कितीतरी मुलं मर्चंट नेव्हीत आहेत आणि त्यांच्या लघवीची अमली पदार्थांसाठी तपासणी होते. अमेरिकेत दुकानात मिळणाऱ्या, नाक मोकळं करणाऱ्या काही इनहेलरमध्ये लेव्हो-मेथॲम्फेटामिन असतं. आपल्याकडच्या इनहेलरमध्ये मेन्थॉल-कापूर असतो, त्यामुळे मुलांना हे माहीतही नसतं. पार्किन्सनसाठी सेलेजिलीन घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातही हेच लेव्हो रूप तयार होतं. नशेचं असतं ते डेक्स्ट्रो. जीसी-एमएस, म्हणजे न्यायसहायक प्रयोगशाळेतलं वजनावरून ओळखणारं नेहमीचं यंत्र, दोघांना मेथॲम्फेटामिनच म्हणतं. अमेरिकेत अशा वेळी दोन्ही रूपं वेगळी केली जातात आणि डेक्स्ट्रोचा वाटा 20 टक्क्यांहून जास्त निघाला तरच इनहेलरचं कारण फेटाळलं जातं. त्यासाठी नवं यंत्रही लागत नाही. ट्रायफ्लुरोॲसिटिल-एल-प्रोलिल क्लोराइड हे अभिकर्मक नमुन्यात घातलं की आहे त्याच जीसी-एमएसवर दोन पीक वेगळे येतात. अभिकर्मक स्वतः पूर्ण शुद्ध हाताचं नसतं, साठवणुकीत ते बिघडतं, त्यामुळे काही टक्के खोटं डेक्स्ट्रो दिसतं. म्हणून दर खेपेला शुद्ध लेव्होचा नमुना बरोबर चालवावा लागतो. एवढी काळजी एखाद्याच्या नोकरीपुढे आणि तुरुंगवासापुढे फार मोठी आहे का?

नमुना कसा घेतला जातो याकडेही लक्ष हवं. थॅलिडोमाइड आज मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी आणि कुष्ठरोगातल्या गाठींच्या प्रतिक्रियेसाठी दिलं जातं. त्याची दोन्ही रूपं रक्तातच एकमेकांत बदलत राहतात, औषध तुटतही राहतं. रक्त काढल्याबरोबर सायट्रेटने आम्लधर्मी केलं नाही तर प्रयोगशाळेत मोजलेलं गुणोत्तर रुग्णाच्या शरीरातलं नसतं, नळीतलं असतं. आयबुप्रोफेनचं आर रूप तर शरीरात स्वतःहून एसमध्ये बदलतं, उलट मात्र जात नाही.

खर्चाचा मुद्दा येणार हे मला ठाऊक आहे. कायरल कॉलम साध्या कॉलमपेक्षा कितीतरी महाग असतो, आणि साध्या पद्धतीत तीन मिनिटांत होणारा नमुना दहा-बारा मिनिटं घेतो. अभ्यासाचा खर्च वाढेल. पण तो मोजक्या औषधांवर वाढेल. खरी अडचण कॉलमची नाहीच, प्रमाण नमुन्यांची, म्हणजे तुलनेसाठी लागणाऱ्या शुद्ध पदार्थांची आहे. लेव्होमेथॉर्फनसारख्या पदार्थाचे काही मिलिग्रॅम मागवायचे तर अमली पदार्थांचा परवाना लागतो, ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोशी पत्रव्यवहार होतो, आणि तोवर अभ्यास संपून गेलेला असतो. शोधायचा पदार्थच हाताशी नसेल तर प्रयोगशाळेने तो ओळखायचा कसा?

माझ्या मागण्या अशा आहेत.

औषध महानियंत्रकांकडे : बायोइक्विव्हॅलन्ससाठी कोणत्या औषधाचं कोणतं रूप प्लाझ्मात मोजायचं याची औषधनिहाय यादी जाहीर करावी. जिथे कंपनीने एकूण पातळीच मोजली आहे तिथे तसं का केलं याचं शास्त्रीय कारण अहवालात लिहिणं बंधनकारक करावं आणि ते कारण लोकांना वाचता यावं. एकाच रूपाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या औषधांच्या अभ्यासात गोळीची कायरल शुद्धता आणि काही प्लाझ्मा नमुन्यांची कायरल तपासणी दोन्ही मागावं.

अन्न व औषध प्रशासनाकडे : डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या प्रत्येक बॅचच्या कच्च्या मालात लेव्होमेथॉर्फनची तपासणी झाल्याचा कागद असल्याशिवाय तो माल राज्याबाहेर जाऊ देऊ नये. बाजारातून उचललेल्या नमुन्यांत एस-अम्लोडिपिनसारख्या गोळ्यांची कायरल तपासणी सुरू करावी आणि निकाल, चांगला असो वा वाईट, संकेतस्थळावर टाकावा.

न्यायसहायक प्रयोगशाळा संचालनालयाकडे : सिरप पिऊन झालेल्या संशयास्पद मृत्यूत व्हिसेऱ्यात किंवा रक्तात डेक्स्ट्रोमेथॉर्फन सापडलं तर रूप वेगळं केल्याशिवाय अंतिम अहवाल देऊ नये. मेथॲम्फेटामिनच्या पॉझिटिव्ह अहवालात आरोपीने किंवा वकिलाने मागितलं तर दोन्ही रूपांची टक्केवारी द्यावी. सोय नसेल तर "रूप वेगळं केलेलं नाही" हे वाक्य अहवालात छापावं. त्याला एक रुपयाही खर्च नाही, हे आजपासून करता येईल.

आणि तिघांनी मिळून : गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत नको असलेल्या रूपांचे प्रमाण नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना देशातच, सोप्या परवान्यावर मिळावेत.

टपालाने पाठवलेल्या प्रतींवर माझं नाव, पत्ता आणि फोन आहे. इथे दिलेला नाही, कारण मी नोकरीत आहे आणि ज्यांच्या अभ्यासांवर मी काम करते त्यांच्या गोपनीयतेला मी बांधील आहे. आपल्या कोणत्याही प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांना वॉरफरिनची किंवा मेथॲम्फेटामिनची दोन्ही रूपं वेगळी करायला शिकवण्यासाठी शनिवारी-रविवारी, मानधन न घेता यायला मी तयार आहे. कॉलम तुमचा असावा, नमुने तुमचे असावेत. लेखी उत्तराची वाट पाहते, आणि तेही असंच खुलं असावं.

आपली नम्र,
एक बायोॲनालिस्ट, नवी मुंबई